आधी बारसं, मग जन्म: क्रिप्टोक्रोमची कुळकथा

नवरात्रातल्या घटाचं धान आठवा. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते आठ-नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पण पिवळसर आणि लेचंपेचं. तोच गहू अंगणात पेरला तर बुटका आणि हिरवागार उगवतो. उजेड दिसला की वाढीला ‘आता पुरे’ म्हणणारं काहीतरी रोपाच्या अंगात असतं, आणि ते बऱ्याच अंशी निळ्या उजेडाचं ऐकतं.

निळ्या उजेडाचा वनस्पतींवरचा अंमल जुनाच माहीत होता. रोप उजेडाकडे वळतं ते निळ्या रंगामुळे, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी १८६४ मध्ये दाखवलं. तो उजेड टिपणारा रेणू मात्र शंभर वर्षं उलटली तरी हाती लागेना. अखेर इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या जोनाथन ग्रेसेल यांनी १९७९ मध्ये न सापडलेल्या त्या रेणूचं बारसंच उरकून टाकलं: क्रिप्टोक्रोम. ग्रीक ‘क्रिप्टोस’ म्हणजे लपलेला आणि ‘क्रोमा’ म्हणजे रंग. नावात कोटीही होती. शेवाळं, नेचे अशा फुलं न येणाऱ्या वनस्पतींना ‘क्रिप्टोगॅम’ म्हणतात आणि निळ्या उजेडाचे बरेच प्रयोग त्यांच्यावरच झाले होते.

जन्म झाला १९९३ मध्ये. मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस हे इवलंसं रोप प्रयोगशाळांचं लाडकं. मार्टेन कोर्नीफ यांनी १९८० मध्ये त्याचे काही बिघडलेले वाण वर्णिले होते. ते भर उजेडातही घटातल्या धानासारखे लांब वाढत. त्यातल्या ‘एचवाय-४’ वाणात कोणतं जनुक नादुरुस्त आहे, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्गारेट अहमद आणि अँथनी कॅशमोर यांनी शोधून काढलं. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन म्हणजेच क्रिप्टोक्रोम. रोपाला उजेडाकडे वाकवणारं प्रथिन पुढे वेगळंच निघालं, फोटोट्रॉपिन. पण ग्रेसेलनी काढलेलं नाव या भावंडाला चिकटलं ते चिकटलं.

खरी गंमत त्याच्या वंशावळीत होती. हे प्रथिन जीवाणूंमधल्या फोटोलायेज नावाच्या विकराशी बरंच जुळत होतं. अतिनील किरणांनी घायाळ झालेले सूक्ष्मजीव साध्या उजेडात पुन्हा उभे राहतात, हे अल्बर्ट केल्नर यांनी १९४९ मध्ये पाहिलं होतं. ती करामत फोटोलायेजची. डीएनएला पडलेली गाठ ते निळ्या उजेडाच्या जोरावर सोडवतं. क्रिप्टोक्रोम याच घराण्यातलं, पण दुरुस्तीचा पिढीजात धंदा सोडलेलं. वनस्पतीत ते वाढीला लगाम घालतं, फळमाशीत आणि आपल्यात शरीराच्या दैनंदिन घड्याळात काम करतं. माणसाकडे फोटोलायेज उरलेलं नाही, क्रिप्टोक्रोम मात्र दोन आहेत.

आता या कथेत पक्षी उतरतो. स्थलांतराचा हंगाम आला की पिंजऱ्यातला युरोपियन रॉबिनही जायच्या दिशेला उड्या मारू लागतो. फ्रँकफर्टमध्ये वोल्फगांग विल्चको यांनी विजेच्या वेटोळ्यांनी पिंजऱ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र फिरवलं, तर पक्ष्यांचा रोखही फिरला. वोल्फगांग आणि रोझविता विल्चको या दांपत्याने १९७२ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: रॉबिनला उत्तर-दक्षिण कळत नाही. चुंबकीय रेषा जमिनीकडे कुठे कललेल्या आहेत, एवढंच तो ओळखतो. म्हणजे हे होकायंत्र आपल्या सुईसारखं नव्हतं.

मग कसलं? पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जेमतेम ५० मायक्रोटेस्ला; शरीराच्या उबेतल्या रेणूंच्या धडपडीपुढे त्याची ऊर्जा नगण्य. गटिंगनमधल्या क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह वाट सुचवली. रासायनिक क्रियेत कधी कधी दोन इलेक्ट्रॉन आपापल्या जोडीदारापासून तुटून एकटे पडतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा चिमुकला चुंबकच. या दोघांच्या फिरक्या कधी एकमेकींशी जुळतात, कधी उलट्या होतात. हा झोका सेकंदात लाखो वेळा हलतो आणि दुबळं चुंबकीय क्षेत्रही त्याचा तोल बदलू शकतं. तोल बदलला की क्रियेतून काय किती निघेल, तेही बदलतं. पण पक्ष्याच्या अंगात अशी जोडी येणार कुठून? ती उजेडाने तयार होत असावी, असा कयास होता.

१९९३ मध्येच, क्रिप्टोक्रोम सापडलं त्याच वर्षी, विल्चको आणि ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांनी आपल्या चष्मेवाल्याच्या गोतातल्या सिल्व्हरआय पक्ष्यांवर प्रयोग केला. निळ्या-हिरव्या उजेडात त्यांना दिशा सापडे, लाल उजेडात ते भांबावत. दोन धाग्यांची गाठ २००० मध्ये बसली. थॉर्स्टन रिट्झ आणि शुल्टेन यांनी इलिनॉयहून सुचवलं की ही जोडी डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोममध्ये तयार होत असेल. त्याच्या पोटात ब-२ जीवनसत्त्वापासून बनलेला फ्लॅविन रेणू असतो. निळा उजेड पडला की तो शेजारच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, ट्रिप्टोफॅन त्याच्या शेजाऱ्याचा. साखळीच्या दोन टोकांना दोन एकटे इलेक्ट्रॉन उरतात.

२०२१ मध्ये ओल्डेनबर्ग आणि ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-४ जीवाणूंकडून बनवून घेऊन तपासलं. कोंबडी आणि कबुतराच्या प्रथिनापेक्षा ते चुंबकाला अधिक दाद देत होतं. पण ही दाद काचेच्या भांड्यातली, आणि तिथलं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी बलवान. फळमाशी क्रिप्टोक्रोममुळे चुंबक ओळखते, असं २००८ मध्ये जाहीर झालं होतं. २०२३ मध्ये सुमारे ९८ हजार माश्यांवर तोच पडताळा घेतला, तर काहीच हाती आलं नाही.

तेव्हा नाव मिळालं, जन्म झाला, कूळही सापडलं. पक्ष्याच्या होकायंत्राच्या सातबाऱ्यावर मात्र क्रिप्टोक्रोमचं नाव अजून पेन्सिलीनेच लिहिलेलं आहे.