आमिषे, कृत्रिम : रंगपूर्व तयारीचा इतिहास

माशाला भुलवून गळाकडे ओढण्याकरिता खऱ्या खाद्याऐवजी वापरण्यात येणाऱ्या, लहान मासा, बेडूक, कीटक किंवा गांडूळ यांच्या आकाराच्या वस्तूस कृत्रिम आमिष म्हणतात. आमिषाचा पदार्थ बदलत गेला, तसतशी त्यास रंग देण्यापूर्वी करावयाची तयारीही बदलली. लाकडाच्या बाबतीत पृष्ठभागावर अस्तर चढविणे, तर मृदू प्लॅस्टिकच्या बाबतीत पृष्ठभागावरील द्रव्य काढून टाकणे, हे या तयारीचे मुख्य सूत्र होय.

दख्खनमध्ये गळाने मासे पकडण्याची परंपरा जुनी आहे. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठवाड्यावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास  या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळाची साधने यांचे वर्णन आढळते. गांडूळ किंवा पिठाची गोळी यांसारखे नैसर्गिक आमिष मुख्यत्वे वास व चव यांमुळे माशास आकर्षित करते. त्यामुळे तेथे रंगाचा प्रश्न उद्भवत नाही. मरळ, महसीर यांसारखे भक्षक मासे मात्र हलणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतात. कृत्रिम आमिषाचा उपयोग प्रामुख्याने अशा माशांसाठी होतो व त्यात आकार, हालचाल आणि रंग यांना महत्त्व येते.

भारतातील गळाच्या मासेमारीवर हेन्री सुलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने लिहिलेला द रॉड इन इंडिया  हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जेम्स हेडन याने लाकडी आमिषे तयार केली. लाकूड सच्छिद्र असल्याने ते घासून गुळगुळीत करणे, त्यावर पांढरे अस्तर देणे, मग रंग व शेवटी रोगण लावणे, असा क्रम रूढ झाला. सावंतवाडीचे चितारी गंजिफांच्या पानांसाठी कापडावर चिंचोक्याची खळ व खडूचा लेप देऊन ते घोटतात, त्यामागील तत्त्वही हेच आहे.

अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथील गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन याने १९२६ मध्ये पॉलिव्हिनिल क्लोराइड मऊ व लवचिक करण्याची रीत शोधली. त्याच शहरात निक क्रीम याने १९४९ मध्ये साच्यात ओतून मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. या प्रकारात व्हिनिलची भुकटी प्लॅस्टिसायझर या तेलकट द्रवात मिसळतात. हे मिश्रण सु. १७०° ते १८०° से.पर्यंत तापविले की एकजीव होते व निवल्यावर रबरासारखे लवचिक बनते.

अशा आमिषावर लाकडाची पद्धत चालत नाही. आमिष वाकताच कठीण अस्तराला तडे जातात; शिवाय आतील प्लॅस्टिसायझर हळूहळू पृष्ठभागावर येत असल्याने सामान्य रंग चिकट राहतो अथवा त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून आमिष प्रथम कोमट पाणी व सौम्य साबण यांनी धुऊन साच्याचे तेल, मीठ व गंधद्रव्ये काढून टाकतात. पूर्ण वाळल्यावर ते स्पिरिटने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसतात. त्यानंतर त्यास बोटांचा स्पर्श होऊ नये म्हणून ते तारेवर टांगतात. पॉलिश कागदाने घासणे टाळतात. रंगही व्हिनिलचाच वापरतात. त्यातील विद्रावक पृष्ठभाग किंचित विरघळवितो व रंग आमिषाशी एकजीव होतो. पातळ थरांची फवारणी करून शेवटी पारदर्शक व्हिनिलचे आवरण देतात. आमिष ताणून पाहिल्यावर रंगास तडा न जाणे, ही तयारी नीट झाल्याची कसोटी होय.

या कामात धोकेही आहेत. विद्रावकांच्या वाफा ज्वालाग्राही व आरोग्यास अपायकारक असतात. मिश्रण अति तापल्यास हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. त्यामुळे काम मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर करणे आवश्यक ठरते. पिठाची गोळी पाण्यात विरून जाते; गळावरून सुटलेले प्लॅस्टिकचे आमिष मात्र दीर्घकाळ तसेच राहते आणि मासे ते गिळतात. म्हणून निकामी झालेली आमिषे पाण्यात न टाकता परत आणणे, हाही या कलेचाच भाग मानावा लागतो.