परसातला काळोख

डोंबिवलीत बंगल्यांच्या आवारात दिवे लावायचं काम मी सत्तरच्या दशकापासून करत आलो. आधी रामनगर, टिळकनगर, मग एमआयडीसीचा निवासी भाग. तेव्हा आवारातला दिवा म्हणजे फाटकापाशी चाळीस वॅटचा एक बल्ब आणि त्यावर पत्र्याची टोपी. शिडीवर चढलो की घरातली आजी खालून हमखास बजावायची, "पायरीवर पडू दे रे उजेड, विहिरीकडे नको." विहीर, धुण्याचा दगड, न्हाणी, चूल पेटवायची लाकडं, सगळं परसात. दिवसभर डोक्यावरचा पदर सांभाळणाऱ्या बायकांना दिवेलागणीनंतर तिथे मोकळं वावरता यायचं. तो काळोख त्यांच्या हक्काचा होता, असं मी मानतो.

ही रीत विजेच्या आधीची. तुळशीवृंदावनातली देवळी पाहा. तीन बाजू बंद, एकच उघडी. ज्योत वाऱ्यापासून वाचते आणि उजेडही समोरच्या ओट्यापुरताच राहतो. कल्याणात पारनाक्याच्या बाजूला जुने वाडे होते, त्यांची रस्त्याकडची भिंत जवळजवळ कोरी, खिडक्या-दारं आतल्या चौकाकडे. आमच्या डोंबिवलीत एवढ्या भिंती कुणाला परवडणार? इथे मेंदी, अडुळसा, कोरांटी, जास्वंद यांचं कुंपण. माणसाच्या डोक्याइतकं वाढवलं की पुरे व्हायचं, कारण पाहणारा रस्त्यावर उभा असायचा.

खाजगीपणाची ही जाण कायद्यातही आहे, हे मला एका वकील गिऱ्हाइकाने दाखवलं. 1882 चा इझमेंट ॲक्ट 1891 साली मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमाखाली एक उदाहरण दिलंय. एखाद्या गावात तशी रूढी असेल, तर घराचा जो भाग एरवी कुणाच्या नजरेस पडत नाही, तो दिसेल अशी नवी खिडकी शेजाऱ्याला काढता येत नाही. पंधराव्या कलमात वीस वर्षं अखंड मिळालेल्या उजेडाचा आणि हवेचा हक्क आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी न्हाणीचा विचार केला होता. पण तो विचार खिडकीचा होता. शेजारच्या दिव्याने आपलं परस उजळून निघेल, हे त्यांच्या ध्यानात येण्याचं कारणच नव्हतं.

कुंपणाचा खरा पराभव दिव्याने नव्हे, इमारतींनी केला. ऐंशीच्या दशकात बंगले पाडून तीन-चार मजली सोसायट्या उभ्या राहू लागल्या. मधे एखादा बंगला उरला की त्याच्या परसावर चारी बाजूंनी गॅलऱ्या आल्या. मेंदी कितीही वाढवली तरी वरून पाहणाऱ्याला ती अडवत नाही. तरी रात्र शिल्लक होती. गच्चीवर पाचशे वॅटचा हॅलोजन लावायचा तर दहा तासांत पाच युनिट जळायची. लग्नकार्य, सत्यनारायण, गणपती एवढ्यापुरता तो लागे आणि दुसऱ्या दिवशी उतरे. आकाशकंदिलालाही मुदत होती, तुळशीचं लग्न झालं की तो माळ्यावर जायचा. पुढे विजेची टंचाई आली, लोडशेडिंगमध्ये तासन्‌तास गेले. त्या काळात बागेत दिवे लावायची भाषा कोण करणार?

एलईडीने हा लगाम तोडला. पन्नास वॅटचा फ्लडलाइट जवळपास त्या जुन्या हॅलोजनइतका झगझगतो आणि रात्रभरात अर्धंच युनिट घेतो. बिलात तो दिसतही नाही. त्यामुळे विझवायचं कारण उरलं नाही. त्यात सीसीटीव्ही आले. कॅमेऱ्याला चित्र स्पष्ट हवं म्हणून दिवा पांढराफेक, साडेसहा हजार केल्विनचा, भिंतीवर उंच आणि समोर रोखलेला. समोर म्हणजे बहुतेक वेळा शेजाऱ्याचं आवार. असा दिवा शेजाऱ्याला दुहेरी उघडा करतो: माणसाच्या नजरेला आणि रेकॉर्डिंगलाही.

एमआयडीसीतल्या एका मावशींनी मला मुद्दाम बोलावून आपली शेवंती दाखवली होती. झाडं तरारलेली, पण दिवाळी आली तरी कळी नाही. शेवंतीला लांब, अखंड रात्र लागते. मधे उजेड मिळाला की ती फुलणं लांबवते. त्यांच्या वाफ्यावर मागच्या इमारतीचा दिवा रात्रभर पडत होता. त्या मात्र फुलांपेक्षा दुसरंच बोलल्या. "संध्याकाळी केस मोकळे सोडून झोपाळ्यावर बसायचे रे मी. आता आतच बसते." मला ते फार लागलं.

झाडांच्या बाजूने निदान कुणी कोर्टात गेलं. ठाणे, मुंबई, मीरा-भाईंदरमध्ये झाडांवर गुंडाळलेल्या रोषणाईविरुद्ध 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, वृक्षसंरक्षणाच्या 1975 च्या कायद्याचा आधार घेऊन. येऊरच्या जंगलालगत प्रखर दिव्यांबद्दल ठाणेकर बोलतात, ते योग्यच आहे. बिबट्याला काळोख हवा. मावशींनाही तो हवा आहे, एवढंच माझं म्हणणं.

अलीकडे काम घेताना मी काही गोष्टींवर अडून बसतो. बागेतला दिवा गुडघ्याच्या वर नको, वर टोपी हवीच, रंग पिवळसर. उंचावरचा दिवा लागणारच असेल तर सेन्सर लावून, तोंड सरळ जमिनीकडे. शेवटचा बोल्ट आवळण्यापूर्वी मी मालकांना शेजारच्या आवारात घेऊन जातो आणि तिथून त्यांचाच दिवा पाहायला लावतो. बरेच जण तिथल्या तिथे म्हणतात, "खाली करा हो जरा." जे म्हणत नाहीत, त्यांच्या सोसायटीच्या सभेत मी स्वतः जाऊन हे सांगतो, आणि अकरानंतर आवारातले फ्लडलाइट बंद, असा ठराव लिहून मागतो.