मेंढा (लेखा)

मेंढा (लेखा) : गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे गाव. लोकसंख्या सुमारे ५००, कुटुंबे शंभराच्या आसपास. शेजारच्या लेखा गावाचे नाव कंसात जोडून ते ओळखले जाते. घरात गोंडी, बाजारात आणि कचेरीत मराठी. गावाजवळून कठाणी नदी वाहते. पावसाळी भात हे मुख्य पीक. पण नुसत्या भातावर वर्ष निघत नाही. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले, त्यामागून तेंदूपाने, शिवाय बांबू, असा उरलेला हिशेब जंगलच पुरा करते.

गाव गडचिरोली–धानोरा रस्त्यावर असून गडचिरोली सुमारे ३० किमी., तर धानोरा अवघे ३ किमी. अंतरावर आहे. हाच रस्ता पुढे मुरुमगाववरून छत्तीसगडात जातो. धानोऱ्याची तहसील कचेरी पायी वा सायकलने गाठता येते. याउलट याच जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीला पूर आला की तुटतो. त्या बाजूच्या गावांच्या मानाने मेंढ्याचे स्थान सुदैवी म्हणावे लागेल. रेल्वे मात्र दूर. वडसा (देसाईगंज) स्थानक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोंदिया–बल्लारशा मार्गावर आहे. विमानतळ नागपूरला, सुमारे २०० किमी. अंतरावर.

लोकसंख्येचा आकडा लहान असला, तरी गावाच्या कारभारात त्याला मोठे मोल आहे. येथील ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. स्त्री-पुरुष सगळे बसतात आणि एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. माणसे एवढीच असल्याने ती एका ठिकाणी बसून एकमेकांचे म्हणणे ऐकू शकतात, म्हणून हे चालते. किचकट विषयांसाठी वेगळे अभ्यासगट असतात. गावातील देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ या घडणीत महत्त्वाची ठरली. २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली ग्रामदानाचा, म्हणजे जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचा, निर्णय घेतला.

वनहक्क कायदा, २००६ नुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तरीही एक अडचण उरलीच. दारापर्यंत रस्ता होता, पण गावचा मोलाचा माल त्यावरून नेता येत नव्हता. जंगलातला माल हलवायचा तर वाहतूक परवाना लागतो. लोक त्याला ‘टीपी’ म्हणतात. माल कोणता, किती, कोणत्या गाडीतून, कुठून कुठे, हे त्यावर लिहिलेले असते. तो जवळ नसेल तर गाडी वनखात्याच्या तपासणी नाक्यावर अडते आणि माल जप्त होऊ शकतो. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीजचा वनमाल, ठरवले होते. वनखाते मात्र त्याला झाडाच्या सदरात धरून परवाने आपल्याच हातात ठेवत होते. त्यामुळे हक्काचा बांबू तोडता येई, पण विकायला बाहेर नेता येत नसे. गावाच्या दळणवळणाचा विचार करताना अंतर आणि डांबर एवढेच मोजण्याची रीत आहे. मेंढ्याचे उदाहरण पाहता ती अपुरी आहे.

एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. त्यानंतर बांबूची विक्री ग्रामसभेमार्फत होऊ लागली. किती तोडायचे, मजुरी काय द्यायची, कोणाला विकायचे हे गावात ठरू लागले. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांत दुरुस्ती होऊन गौण वनोपजाच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या समितीनेच द्यावेत अशी तरतूद झाली. गडचिरोली जिल्ह्यातील इतर अनेक ग्रामसभा त्यानंतर आपला बांबू आणि तेंदूपाने स्वतः विकू लागल्या.