तीन भागीदारांचं ‘जाणं’

स्पॅनिश शिकायला बसलेल्या माणसाची निम्मी उमेद ‘जाणे’ हे क्रियापदच घेऊन जातं. मूळ रूप ‘इर’. ‘मी जातो’ म्हणजे ‘बोय’, ‘मी जात असे’ म्हणजे ‘इबा’ आणि ‘मी गेलो’ म्हणजे ‘फुई’! एका घरातली भावंडं, पण एकाचं तोंड दुसऱ्यासारखं असेल तर शपथ.

कारण ती सख्खी नाहीतच. आम्हां कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, ही तीन भागीदारांची पेढी. पाटीवर नाव लॅटिन ‘ईरे’चं, ‘इबा’ही त्याचंच. वर्तमानकाळाचा गल्ला ‘वादेरे’ने सांभाळला. ‘फुई’ मात्र ‘असणे’वाल्या ‘एस्से’कडून आलं. असणारा गेला कसा, म्हणाल? “काल कुठं गेला होतात?” याला आपण “पुण्याला होतो” म्हणतोच की!

घोळ पुढेच आहे. स्पॅनिशमधलं ‘असणे’ म्हणजे ‘सेर’, आणि त्याचा भूतकाळही ‘फुई’च. जॉइंट खातं, दोघांपैकी कोणीही काढावं. सही पटवायला पुढचा शब्द बघायचा. ‘फुई आ माद्रिद’ म्हणजे माद्रिदला गेलो; ‘फुई माएस्त्रो’ म्हणजे मी मास्तर होतो. मधला ‘आ’ गाळलात तर तुम्ही स्वतःच माद्रिद शहर होऊन बसता!

1492 साली आन्तोनियो दे नेब्रिहाने कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापून इसाबेल राणीला अर्पण केलं. प्रस्तावनेत तो सांगतो, की राणीने “याचा उपयोग काय?” असं विचारलं, तेव्हा आविलाच्या बिशपांनीच परस्पर उत्तर दिलं: जिंकलेल्या लोकांना आपली भाषा शिकावी लागेल, त्यांना उपयोगी पडेल. त्याच वर्षी कोलंबस निघाला. पुढे साम्राज्य गेलं, पण ‘फुई’ मेक्सिकोपासून आर्जेन्टिनापर्यंत राहिलं. राजांच्या हुकमापेक्षा लोकांची जीभ टिकाऊ.

रोज शंभरदा तोंडी येणारी क्रियापदंच अशी वाकडी राहतात. क्वचित लागणारी मुकाट्याने नियमाच्या रांगेत उभी राहतात; रोजच्या गिऱ्हाइकाला रांग कोण लावतो? तेव्हा नुसता तक्ता घोकू नये, अख्खी वाक्यं बोलावीत. मराठीत तरी काय? ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचा, ‘गेला’ ‘गम्’चा. दोनच भागीदार, पण आपण कधी हिशेब मागितला?

आणि निघताना तर आपण ‘जातो’ म्हणतच नाही, ‘येतो’ म्हणतो. मराठी शिकणाऱ्या स्पॅनिश माणसाने दाद मागायची कुणाकडे?