सत्तरच्या दशकातली एक नाइट ड्युटी

चला, गणवेश चढवा. पांढरा झगा, पांढरे मोजे, पांढरे बूट आणि खळ घालून कडक केलेली टोपी. पिना घट्ट लावा, नाहीतर पेशंटवर वाकलात की टोपी आधी त्याच्या अंगावर पडायची. शहर लॉस एंजेलिस, काळ सत्तरच्या दशकाचा मध्य आणि आज हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात तुमची नाइट आहे.

दार ढकलताच वास अंगावर येतो: स्पिरिट, घाम आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या सिगारेटींचा धूर. मग आवाज. मॉनिटरची टिकटिक, व्हेंटिलेटरचा भाता, कागदाच्या पट्टीवर खरखरत रेघ ओढणारं यंत्र. यंत्रांच्या उबेने झगा पाठीला चिकटतो. दोन खाटांच्या मधून तुम्ही अंग चोरूनच जाता.

तिसऱ्या खाटेवर साठीचे गृहस्थ. काल हार्ट अटॅक आला. त्यांच्या पायाला हात लावा. गुडघ्यापर्यंत गार. कपाळावर चिकट घाम, वरचं बीपी 96, तासाभरात लघवी जेमतेम 15 मिलिलिटर. आता सांगा, सलाइन वाढवायचं की थांबवायचं? अंगात पाणी कमी असेल तर वाढवायला हवं. हृदयच थकलं असेल तर त्याच सलाइनने फुप्फुसं भरतील.

उत्तर शोधायला डॉक्टर कोपराच्या शिरेतून एक लांब, बारीक नळी आत सारतात. तिच्या टोकाला इवलासा फुगा आहे. याच शहरातल्या डॉ. जेरेमी स्वान आणि डॉ. विल्यम गांझ यांनी ती 1970मध्ये जगापुढे आणली. सांता मोनिकाच्या समुद्रात वाऱ्यावर सरकणारी शिडाची होडी पाहून स्वान यांना कल्पना सुचली होती. फुग्यात दीड मिलिलिटर हवा भरा. रक्ताचा प्रवाहच नळीला पुढे ओढून नेतो. पेशंटला एक्स-रेच्या खोलीत हलवायला नको.

पडद्यावरच्या दाबाच्या हिरव्या रेघेवरून नजर काढू नका. आधी बुटक्या लाटा: हृदयाचा उजवा वरचा कप्पा. मग रेघ एकदम 45पर्यंत उसळते आणि तळाला जाते: खालचा कप्पा. इथेच ठोके वेडेवाकडे पडतात. लिडोकेनची सिरिंज हाताशी आहे ना? पुढे रेघेचा तळ वर उचलला जातो, उतारावर एक खाच दिसते. पोहोचलात फुप्फुसाच्या धमनीत! फुगा एका फांदीत अडकतो, लाट बसते आणि आकडा दिसतो 31. तुम्ही पेन उचलता.

“थांब. झीरो केलंस का?” मागून सीनियर सिस्टर विचारतात.

फुगा सोडा आणि बघा. खाट मघाशी वर घेतली, नळीतला दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर स्टँडवर खालीच राहिला. पेशंटच्या चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या रेषेत, छातीच्या पुढच्या-मागच्या बाजूंच्या मधोमध शाईने फुली मारा. सुताराची लेव्हल धरा आणि ट्रान्सड्यूसर त्या पातळीला आणा. नळीत मुगाएवढा बुडबुडा असेल तर तोही काढा, तो लाट बुजवतो. झीरो करा, फुगा पुन्हा भरा. आता 24. दहा सेंटिमीटर खाली राहिलेल्या ट्रान्सड्यूसरने सुमारे सात आकडे जास्त सांगितले होते. वाचून झालं की फुगा लगेच सोडा. धमनी अडवून ठेवायची नाही.

आता बर्फाच्या भांड्यात बोटं घाला. गार द्रावणाने भरलेली सिरिंज दट्ट्याकडून धरा, तळहाताची ऊब लागता कामा नये. श्वास सुटला की दहा मिलिलिटर झटक्यात नळीतून आत. नळीच्या टोकाजवळचं रक्त किती गार होतं आणि किती वेळाने पुन्हा गरम होतं, त्यावरून हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते यंत्र सांगतं. तीन वेळा करा: 3.1, 3.3, 3.2 लिटर. निरोगी माणसाचं 4 ते 8 असतं.

दाब जास्त, पण हृदय ढकलतं ते रक्त कमी. म्हणजे पाणी कमी नाही, हृदय थकलंय. सलाइन थांबतं, लघवी होण्याचं औषध जातं. नायट्रोप्रुसाइडची बाटली उजेड लागू नये म्हणून चंदेरी कागदात गुंडाळून टांगली जाते आणि दर पाच मिनिटांनी तुम्ही बीपी बघत राहता. पोटऱ्या भरून येतात, कॉफी थंड होते. पहाटे 24चे 17 होतात, 3.2चे 4.1. आणि पाय? हात लावा. कोमट आहेत.

पुढे मोठ्या अभ्यासांत दिसलं की ही नळी सरसकट घातल्याने जास्त जीव वाचत नाहीत, आणि तिचा वापर घटला. ते योग्यच झालं, कारण नळी आजार दाखवते, बरा करत नाही. बरं करतो तो नीट घेतलेल्या आकड्यावरून केलेला योग्य उपचार. उद्या तुमच्या आयसीयूमध्ये मॉनिटर कितीही नवा असो, आधी ट्रान्सड्यूसर छातीच्या पातळीला आणा, पेशंटच्या पायाला हात लावा आणि मगच आकडा लिहा.