वामकुक्षी

वामकुक्षी म्हणजे दुपारच्या भोजनानंतर घेतली जाणारी अल्पकाळाची विश्रांती किंवा झोप. मूळ अर्थाने ही विश्रांती डाव्या कुशीवर पडून घ्यावयाची असते. तथापि प्रचलित मराठीत दुपारच्या कोणत्याही छोट्या झोपेस हा शब्द वापरला जातो. बालकांच्या बाबतीत दिवसाची झोप ही वाढीची स्वाभाविक गरज मानली जाते. प्रौढांनी मात्र रोज दुपारी झोपणे हितकर की अहितकर, याविषयी परंपरेत आणि आधुनिक वैद्यकात दीर्घकाळ चर्चा होत आली आहे. उपलब्ध संशोधनाचा एकंदर कल असा की, दुपारची झोप किती वेळाची, कोणत्या वेळी आणि कोणत्या कारणाने घेतली जाते, यांवर तिचे फलित अवलंबून असते. दहा ते तीस मिनिटांची झोप बहुतेक निरोगी प्रौढांना उपकारक ठरते, तर एक तासाहून अधिक लांबणारी किंवा नव्याने वाढलेली दिवसाची झोप अनेकदा अन्य व्याधीचे लक्षण असते.

व्युत्पत्ती आणि रूढी

'वाम' म्हणजे डावा आणि 'कुक्षि' म्हणजे कूस किंवा उदर, या दोन संस्कृत शब्दांपासून हा सामासिक शब्द बनला आहे. मराठीतील 'कूस' हा शब्दही 'कुक्षि' यावरूनच आला आहे. भोजनानंतर शतपावली करावी आणि मग वामकुक्षी घ्यावी, असा संकेत महाराष्ट्रातील घरांत रूढ आहे. बोलीभाषेत या क्रियेसाठी आडवे होणे, लवंडणे, डोळा लागणे, डुलकी काढणे असे अनेक शब्दप्रयोग आढळतात. त्यांतील डुलकी म्हणजे बहुधा बसल्या जागी आलेली क्षणिक झोप, पेंग म्हणजे झोपेची अनावर ओढ, तर वामकुक्षी ही ठरवून घेतलेली विश्रांती होय.

डाव्या कुशीवर निजण्याच्या संकेतास शरीररचनेचा आधार आहे. जठराचा मोठा भाग शरीराच्या डाव्या बाजूस असतो. डाव्या कुशीवर निजल्यास जठरातील आम्ल अन्ननलिकेच्या मुखापेक्षा खालच्या पातळीवर राहते व वर येण्याचे प्रमाण घटते. म्हणून छातीत जळजळ होण्याचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टरही डाव्या कुशीवर निजण्याचा सल्ला देतात.

दुपारी विश्रांती घेण्याची रीत उष्ण प्रदेशांत व्यापक आहे. स्पॅनिश भाषेतील 'सिएस्ता' हा शब्द सहावा तास या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून, सूर्योदयापासून सहावा तास म्हणजे मध्यान्ह असा त्याचा संदर्भ आहे. गोव्यात अनेक दुकाने दुपारी बंद राहतात. पुण्यातील दुकाने दुपारी एक ते चार या वेळात बंद असण्याची प्रथा तर थट्टेचा विषय होऊन बसली आहे. चीनमध्येही भोजनोत्तर झोप सर्वसामान्य आहे. मात्र ही रीत सार्वत्रिक आहे असे म्हणता येत नाही. आफ्रिकेतील हाड्झा व सान आणि बोलिव्हियातील त्सिमाने या, विजेविना जीवन जगणाऱ्या समाजांच्या झोपेच्या नोंदी इ.स. २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत दिवसा झोपण्याचे प्रमाण हिवाळ्यात ७ टक्क्यांहून कमी दिवशी, तर उन्हाळ्यात २२ टक्क्यांहून कमी दिवशी आढळले.

दुपारी झोप येण्याची कारणे

झोपेचे नियमन दोन प्रक्रियांनी होते, असे प्रतिमान अलेक्झांडर बोर्बेली यांनी इ.स. १९८२ मध्ये मांडले व ते आजही आधारभूत मानले जाते. पहिली प्रक्रिया म्हणजे झोपेचा दाब. जागेपणाचा काळ वाढत जातो तसे मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढते. दुसरी प्रक्रिया म्हणजे मेंदूतील जैविक घड्याळ. ते दिवसाच्या ठराविक वेळी जागेपणाचे संकेत देते व रात्री ते मागे घेते.

दुपारी साधारण एक ते तीन या वेळात झोपेचा दाब पुरेसा वाढलेला असतो, पण जैविक घड्याळाचा जागेपणाचा संकेत अद्याप पूर्ण जोरावर आलेला नसतो. त्यामुळे या वेळात सतर्कता उतरते. ही सुस्ती केवळ जेवणामुळे येते हा समज अपुरा आहे, कारण दुपारी न जेवणाऱ्यांतही ती आढळते. मात्र भरपेट व पिष्टमय आहाराने ती अधिक जाणवते आणि रात्रीची झोप अपुरी असल्यास ती अनावर होते.

कालावधी आणि तात्कालिक परिणाम

झोप लागल्यानंतर प्रथम हलकी झोप व त्यानंतर गाढ झोप येते. गाढ झोपेतून अकस्मात उठल्यास काही काळ डोके जड राहते व काही सुचेनासे होते. या अवस्थेस निद्राजडत्व म्हणता येईल. अल्पकाळाची झोप हलक्या टप्प्यातच संपत असल्याने ती घेतलेला मनुष्य ताजातवाना उठतो. उलट, पाऊण ते एक तासाने उठवलेला मनुष्य अधिकच आळसावलेला दिसतो. सुमारे दीड तासात झोपेचे एक आवर्तन पूर्ण होते. तेवढ्या झोपेनंतर जडत्व तुलनेने कमी असते, परंतु रात्रीच्या झोपेवर परिणाम होण्याची शक्यता वाढते.

ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठातील ब्रुक्स आणि लॅक यांनी इ.स. २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रात्री केवळ पाच तास झोपलेल्या तरुणांना दुपारी ५, १०, २० आणि ३० मिनिटे झोपू देण्यात आले. दहा मिनिटांच्या झोपेने सतर्कता तत्काळ सुधारली व तिचा परिणाम अडीच तासांपर्यंत टिकला. तीस मिनिटांच्या झोपेनंतर मात्र प्रथम जडत्व आले व लाभ नंतर दिसला. अमेरिकेच्या नासा या संस्थेने लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात त्यांना उड्डाणादरम्यान आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती देण्यात आली. त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली आणि विश्रांती न मिळालेल्या गटापेक्षा त्यांची सतर्कता सरस आढळली.

भारतातील एक महत्त्वाचा प्रयोग चेन्नईत झाला व इ.स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. माहिती संगणकात भरण्याचे काम करणाऱ्या अल्प उत्पन्न गटातील ४५२ व्यक्तींचा त्यात सहभाग होता. हे लोक रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असूनही त्यांची प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तासांच्या आसपास भरत होती. उकाडा, डास, गोंगाट आणि अपुरी जागा यांनी त्यांची झोप वारंवार मोडत असे. साधने व प्रोत्साहन देऊन त्यांची रात्रीची झोप २७ मिनिटांनी वाढवली, तरी कामावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. कामाच्या ठिकाणी दुपारी अर्ध्या तासाची झोप मिळालेल्यांची उत्पादकता, एकाग्रता व मनःस्वास्थ्य मात्र सुधारले. तथापि तेवढा वेळ कामातून वजा झाल्याने, सलग काम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची एकूण कमाई घटली. झोपेऐवजी नुसती सुट्टी घेणाऱ्यांपेक्षा ती अधिक होती.

दीर्घकालीन आरोग्याविषयीचे अभ्यास

दीर्घकालीन परिणामांविषयीचे निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी दिसतात.

ग्रीसमधील २३,६८१ प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष इ.स. २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून किमान तीनदा, सरासरी अर्धा तास वा अधिक दुपारी झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळले. नोकरी करणाऱ्या पुरुषांत हा संबंध अधिक ठळक होता. स्वित्झर्लंडमधील लोझान शहरातील ३,४६२ व्यक्तींच्या इ.स. २०१९ मधील अभ्यासात आठवड्यातून एक-दोनदा झोपणाऱ्यांना हृदयविकार व पक्षाघाताचा धोका कमी दिसला, पण जवळजवळ रोज झोपणाऱ्यांत असा लाभ आढळला नाही.

ब्रिटनमधील साडेतीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला अभ्यास इ.स. २०२२ मध्ये आला. त्यात नेहमी दिवसा झोपणाऱ्यांना, कधीही न झोपणाऱ्यांच्या तुलनेत उच्च रक्तदाबाचा धोका १२ टक्क्यांनी व पक्षाघाताचा धोका २४ टक्क्यांनी अधिक आढळला. मात्र झोप किती वेळाची होती, याची नोंद त्यात नव्हती. ब्रिटनमधील त्याच माहितीसंचावर आधारलेल्या इ.स. २०२३ मधील जनुकीय विश्लेषणात दिवसा झोपण्याची प्रवृत्ती आणि मेंदूचे अधिक आकारमान यांत संबंध दिसून आला. वयोमानानुसार मेंदू आक्रसत असल्याने ही बाब अनुकूल मानली जाते. स्मरणाशी निगडित असलेल्या भागाच्या आकारमानात मात्र फरक आढळला नाही.

वृद्धांच्या बाबतीत शिकागो येथील दीर्घकालीन अभ्यास उल्लेखनीय आहे. इ.स. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, दिवसा एक तासाहून अधिक झोपणाऱ्या वृद्धांना अल्झायमर रोग होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होता. रोगाचे निदान झाल्यानंतर दिवसाच्या झोपेत होणारी वार्षिक वाढ दुपटीहून अधिक झाली. म्हणजेच झोप आणि रोग यांचा संबंध दुहेरी असावा.

कार्यकारणभावाचा प्रश्न

वरील बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. त्यांतून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच कळते. एकीमुळे दुसरी घडते असे सिद्ध होत नाही. अनेक आजारांत दिवसा झोप येते. म्हणून दिवसा झोपणाऱ्यांच्या गटात आजारी माणसे अधिक असणे स्वाभाविक आहे. लोझान येथील अभ्यासात जवळजवळ रोज झोपणारे लोक वयाने मोठे, अधिक वजनाचे व धूम्रपानाचे प्रमाण अधिक असणारे होते. हे घटक विचारात घेतल्यावर त्यांच्यात दिसलेला वाढीव धोका उरला नाही. जनुकीय घटकही यात आहेत. इ.स. २०२१ च्या एका अभ्यासात दिवसा झोपण्याच्या सवयीशी संबंधित १२३ जनुकीय स्थाने आढळली. त्यामुळे दुपारी झोपणे म्हणजे निव्वळ आळस, हा समज शास्त्रास धरून नाही.

आयुर्वेदातील विचार

आयुर्वेदात आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. दिवसाच्या झोपेस तेथे 'दिवास्वप्न' अशी संज्ञा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात तिचे विवेचन येते. ग्रीष्म ऋतूत रात्री लहान असतात व शरीरात रूक्षता वाढते, म्हणून त्या ऋतूत दिवसा झोपणे हितकर मानले आहे. अन्य ऋतूंत दिवसा झोपल्याने कफ व पित्त यांचा प्रकोप होतो, असे म्हटले आहे. या नियमास अपवादही सांगितले आहेत. अध्ययन, भारवहन वा प्रवास यांनी थकलेले, वृद्ध, बालक, कृश, जखमी, शोकग्रस्त तसेच दिवसा झोपण्याची सवय असलेले यांना सर्व ऋतूंत अनुमती आहे. मेदस्वी, नित्य स्निग्ध आहार घेणारे व कफप्रधान प्रकृतीचे यांना मात्र निषेध आहे. बसल्या जागी घेतलेली डुलकी रूक्षताही वाढवत नाही आणि कफही वाढवत नाही, असेही त्यात नमूद आहे.

अष्टांगहृदयात रात्री जागरण झाल्यास त्याच्या निम्म्या वेळेइतकी झोप दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी घ्यावी, असे सांगितले आहे. त्या दृष्टीने भोजनोत्तर वामकुक्षीचा प्रघात आणि हा ग्रंथोक्त नियम यांत भेद दिसतो. उपनयन संस्कारातही बटूस दिवसा न झोपण्याचा उपदेश केला जातो.

दिवसाची झोप लक्षण असण्याची शक्यता

रात्री सात-आठ तास झोपूनही दिवसा झोप अनावर होत असल्यास, किंवा पूर्वी नसलेली सवय काही महिन्यांत जडल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. मोठ्याने घोरणे, झोपेत गुदमरल्यासारखे होऊन जाग येणे व सकाळी डोके दुखणे ही त्याची लक्षणे होत. घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, या समजुतीमुळे अनेक घरांत हा विकार दुर्लक्षित राहतो. याखेरीज रक्तक्षय, अवटू ग्रंथीचे मंदावलेले कार्य, मधुमेह, नैराश्य, हृदयाची दुर्बलता तसेच सर्दी, अ‍ॅलर्जी व मनोविकारांवरील काही औषधे यांमुळेही दिवसा झोप येते. वृद्ध व्यक्ती सतत पेंगत असल्यास ते वयाचेच लक्षण आहे असे गृहीत धरणे योग्य नव्हे.

निद्रानाश असणाऱ्यांना उपचारकाळात दुपारची झोप टाळण्यास सांगितले जाते. दुपारी झोपल्याने झोपेचा दाब उतरतो, रात्री झोप उशिरा लागते, दुसऱ्या दिवशी थकवा येतो व पुन्हा दुपारी झोपावेसे वाटते. हे चक्र मोडणे हा उपचाराचा एक भाग असतो. याउलट, नार्कोलेप्सी या मज्जासंस्थेच्या विकारात ठरावीक वेळी घेतलेली अल्प झोप हाच उपचाराचा भाग असतो.

सर्वसाधारण संकेत

निद्रातज्ज्ञांचे सर्वसाधारण संकेत पुढीलप्रमाणे आहेत :

कालावधी : दहा ते तीस मिनिटे. गजर लावून झोपणे इष्ट.
वेळ : दुपारी एक ते तीनच्या दरम्यान. चारनंतरची झोप रात्रीच्या झोपेत व्यत्यय आणते.
स्थिती : अंधारी, शांत व हवेशीर जागा. आम्लपित्ताचा त्रास असल्यास डावी कूस किंवा टेकून बसणे.
उठताना : वृद्धांनी व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी लगेच उभे न राहता काही क्षण काठावर बसून मग उठावे, अन्यथा भोवळ येऊन पडण्याचा संभव असतो.

रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळीपूर्वी घेतलेली झोप त्यांची सतर्कता टिकवते. वाहनचालकांच्या बाबतीत तर हा प्राणाचा प्रश्न ठरतो. ब्रिटनमधील लाफबरो विद्यापीठात इ.स. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कॉफी पिऊन लगेच पंधरा मिनिटांची विश्रांती घेतलेल्या चालकांच्या चुका लक्षणीय घटल्या. कॉफीतील कॅफिनचा अंमल सुरू होण्यास सुमारे अर्धा तास लागत असल्याने झोप व कॅफिन यांचा लाभ एकत्र मिळतो. तथापि असा विसावा हा रात्रीच्या पुरेशा झोपेस पर्याय नाही. प्रौढांना दर रात्री किमान सात तास झोप आवश्यक मानली जाते व वामकुक्षी ही तिला पूरक असते.