पिट्सबर्गचा पोलादी संघ



अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यांत पिट्सबर्ग नांवाचें शहर आहे. अलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्यांचा तेथें संगम होतो आणि पुढें त्या प्रवाहास ओहायो हें नांव मिळतें. भोंवतालच्या डोंगरांत दगडी कोळसा विपुल आणि मालाच्या वाहतुकीस नद्या सोईच्या. यामुळें एकोणिसाव्या शतकांत तें पोलादाचें माहेरघर बनलें. या शहराच्या धंदेवाईक फुटबॉल संघाचें नांव 'स्टीलर्स', म्हणजे पोलाद तयार करणारे. त्याचे जयापजय वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतात. पण निकालांच्या यादींत न सांपडणारे कित्येक धागे या संघाच्या इतिहासांत आहेत, आणि त्यांपैकीं एक तर थेट गोवळकोंड्याच्या खाणीपर्यंत येऊन पोंचतो. ते धागे आज थोडे उलगडून पाहूं.

प्रथम एक खुलासा. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. तेथें चेंडू लांबट असून दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचा किंवा आपल्या गड्याकडे फेंकावयाचा असतो, आणि पळणाऱ्यास प्रतिपक्षानें अक्षरशः जमिनीवर लोळवावयाचें असतें. म्हणून खेळाडू शिरस्त्राण घालतात. हें शिरस्त्राण पुढें पुन्हां भेटणार आहे.

या संघाचे रंग काळा व सोनेरी. ते शहराच्या ध्वजावरून घेतलेले आहेत, आणि ध्वजाचे रंग विल्यम पिट या इंग्रज मुत्सद्द्याच्या कुलचिन्हावरून आलेले आहेत. १७५८ सालीं जनरल फोर्ब्स यानें फ्रेंचांचा डुकेन किल्ला घेतला व त्या ठिकाणास पिटचें नांव दिलें. पिटच्या कुलचिन्हांत काळ्या भूमीवर तीन सोनेरी नाणीं आहेत. या विल्यमचा आजा टॉमस पिट हा हिंदुस्थानच्या इतिहासांतील परिचित मनुष्य. १६९८ पासून १७०९ पर्यंत तो मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. गोवळकोंड्याच्या मुलखांतील खाणींत निघालेला एक प्रचंड हिरा त्यानें विकत घेतला आणि १७१७ सालीं तो फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला विकला. 'रीजंट' या नांवानें तो हिरा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. ओल्ड सॅरम या मूठभर मतदारांच्या ज्या मतदारसंघांतून नातू १७३५ सालीं पार्लमेंटांत शिरला, तोसुद्धां आजोबांनीं हिंदुस्थानच्या व्यापारांत मिळविलेल्या पैशावर विकत घेऊन ठेविलेला होता. पिट्सबर्गच्या प्रेक्षागारांत काळे-सोनेरी कपडे घालून ओरडणाऱ्या किती लोकांना हें ठाऊक असेल, कोण जाणे!

पैसे घेऊन फुटबॉल खेळण्याची चालही याच शहरांतली. १२ नोव्हेंबर १८९२ रोजीं अलेगेनी क्लब व पिट्सबर्ग क्लब यांचा सामना झाला. अलेगेनी क्लबानें हेफेलफिंगर नांवाच्या प्रसिद्ध खेळाडूस त्या एका सामन्याकरितां पांचशें डॉलर रोख दिले. त्या काळीं ही गोष्ट लाजिरवाणी समजली जाई, म्हणून उघड कोणी बोललें नाहीं. परंतु क्लबाच्या हिशेबाच्या कागदांत त्या रकमेची नोंद राहून गेली आणि पुष्कळ वर्षांनीं ती उजेडांत आली. पहिला धंदेवाईक फुटबॉलपटु म्हणून इतिहासकार त्याचेंच नांव घेतात. सामना अलेगेनी क्लबानेंच जिंकला, आणि एकमेव गुणसंपादन केलें तें हेफेलफिंगरनें. तेव्हां पैसे वायां गेले असें म्हणतां येणार नाहीं. पण याच वर्षाच्या जुलैंत, शहरापासून कांहीं मैलांवर होमस्टेड येथील कार्नेगीच्या पोलादी कारखान्यांत संपावरील कामगार आणि मालकांनीं आणलेले भाडोत्री शिपाई यांच्यांत गोळीबार होऊन दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं होतीं. तो संप मोडला तोही नोव्हेंबरांतच. एका खेळाडूचे पांचशें डॉलर आणि उपाशीं पोटीं कामावर परतणारे कामगार, हीं दोन्ही दृश्यें एकाच महिन्यांतलीं आहेत.

स्टीलर्स संघ जन्मला १९३३ सालीं. त्याचा संस्थापक आर्थर रूनी हा आयरिश वंशाच्या एका दारूगुत्तेवाल्याचा मुलगा. मुष्टियुद्ध, बेसबॉल आणि घोड्यांच्या शर्यती हीं त्याचीं आवडीचीं क्षेत्रें. राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्यें प्रवेश मिळविण्यास त्यानें अडीच हजार डॉलर भरले. हे पैसे त्यानें शर्यतींत जिंकले अशी कथा अजूनही ऐकूं येते. पण त्याची ती प्रसिद्ध जीत संघ घेतल्यानंतर कांहीं वर्षांनींची आहे, म्हणून ही कथा कालगणनेपुढें टिकत नाहीं. संघ त्याच वर्षीं निघाला याचें खरें कारण कायद्यांत आहे. १७९४ सालच्या एका धार्मिक कायद्यानें पेनसिल्व्हेनियांत रविवारीं खेळ करण्यास बंदी होती, आणि धंदेवाईक फुटबॉलचा वार तर रविवार! १९३३ सालीं ती बंदी सैल होण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. तरी संघाचा पहिला सामना २० सप्टेंबरला, बुधवारीं रात्रीं भरवावा लागला, आणि न्यूयॉर्कनें तो २३ विरुद्ध २ असा जिंकला. नोव्हेंबरांत मतदारांनीं कौल दिला व रविवार मोकळा झाला.

संघाचें नांव प्रथम 'पायरेट्स' होतें. शहरांतील बेसबॉल संघाचेंच तें उसनें घेतलेलें. १९३८ सालीं या पायरेट्स संघांत बायरन व्हाइट नांवाचा एक तरुण आला. त्याला १५,८०० डॉलर वेतन मिळालें. साऱ्या लीगमध्यें एवढें वेतन कोणासच नव्हतें. चेंडू घेऊन पळण्यांत तो त्या वर्षीं लीगमध्यें पहिला आला, तरी संघ मात्र अकरांपैकीं नऊ सामने हरला. पुढें हा गृहस्थ ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. युद्धांत तो नौदलाच्या हेरखात्यांत असतां जॉन केनेडी या तरुण अधिकाऱ्याची बोट जपान्यांनीं बुडविली, आणि त्या प्रकाराचा अहवाल लिहिण्यांत व्हाइटचा हात होता. त्याच केनेडीनें अध्यक्ष झाल्यावर १९६२ सालीं त्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश नेमलें. १९९३ पर्यंत तो त्या पदावर होता.

१९४० सालीं लोकांकडून सूचना मागवून 'स्टीलर्स' हें नांव ठेवण्यांत आलें, आणि त्याच वर्षअखेर रूनीनें संघ विकूनही टाकला! घेणारा अलेक्सिस थॉम्सन हा न्यूयॉर्कमध्यें राहणारा एक श्रीमंत तरुण. रूनीनें त्या पैशांतून फिलाडेल्फियाच्या 'ईगल्स' संघांत भागी घेतली. पण त्याचें मन पिट्सबर्ग सोडीना. आणि थॉम्सनला तर पूर्वेकडचें शहर हवें होतें. १९४१ च्या एप्रिलांत दोघांनीं सरळ अदलाबदल केली. त्यानें फिलाडेल्फिया घेतलें, यानें पिट्सबर्ग घेतलें. खेळाडूंची सरमिसळ आधींच झाली होती, तेव्हां कोणता संघ कोणाचा हा प्रश्न एखाद्या वाटणीच्या खटल्याला शोभेल असा आहे.

पुढें १९४३ सालीं युद्धामुळें हे दोन्ही संघ खरोखरच एक झाले. खेळाडू सैन्यांत गेले होते. क्लीव्हलंडच्या संघानें तर त्या वर्षीं खेळच बंद ठेविला. पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया यांनीं उरलेले गडी एकत्र केले, आणि वर्तमानपत्रांनीं या जोडसंघाचें बारसें केलें: 'स्टीगल्स'. हें नांव लीगच्या दप्तरांत कधींच नव्हतें, परंतु लोकांच्या तोंडीं तेंच राहिलें. प्रशिक्षकही दोन, नील आणि कीसलिंग; त्यांचें एकमेकांशीं जमेना, म्हणून एकानें चढाई सांभाळावी व दुसऱ्यानें बचाव, असा तह झाला.

आणि गडी तरी कसले? बहुतेक सैन्यानें नाकारलेले. टोनी बोव्हा एका डोळ्यानें आंधळा होता, आणि फेंकलेला चेंडू झेलण्यांत संघांत तोच पहिला. जॅक हिंकलला पोटांतील व्रणांमुळें सैन्यांतून परत पाठविलें होतें. चेंडू घेऊन पळण्याचें लीगमधलें पहिलें स्थान त्याचें अवघ्या एका यार्डानें हुकलें, ५७१ विरुद्ध ५७२. शिरस्त्राणाशिवाय खेळण्याबद्दल प्रसिद्ध असलेला बिल ह्युइट निवृत्तींतून परत आला, तों नेमकें त्याच वर्षीं शिरस्त्राण सक्तीचें झालें. या सर्वांना युद्धसाहित्याच्या कारखान्यांत पूर्ण वेळ काम करणें भाग होतें. सराव काय तो कामावरून सुटल्यावर, संध्याकाळीं. दिवसभर यंत्रापाशीं उभें राहून रात्रीं एकमेकांवर आदळणाऱ्या या माणसांनीं पांच सामने जिंकले, चार हरले आणि एक बरोबरींत सोडविला. स्टीलर्स हें नांव कोणी खऱ्या अर्थानें सार्थ केलें असेल तर माझ्या मतें या जोडसंघानें, आणि तोही ईगल्सच्या हिरव्या पोषाखांत!

पुढच्या वर्षीं जोड झाली शिकागोच्या 'कार्डिनल्स'शीं. 'कार्ड-पिट' हें नांव भराभर उच्चारलें म्हणजे इंग्रजींत 'कार्पेट', म्हणजे गालिचा, असें ऐकूं येतें, आणि ज्यानें यावें त्यानें तुडवून जावें असा हा संघ दहाच्या दहा सामने हरला.

आतां अधिक गंभीर गोष्टीकडे वळतों. १९३३ सालच्या पहिल्याच पिट्सबर्ग संघांत रे केम्प नांवाचा एक कृष्णवर्णी खेळाडू होता. तो कोळशाच्या खाणींत काम केलेला आणि शहरांतील डुकेन विद्यापीठांत शिकलेला. त्या वर्षीं साऱ्या लीगमध्यें कृष्णवर्णी खेळाडू दोनच, केम्प आणि शिकागोचा जो लिलर्ड. हंगाम संपला व दोघेही बाहेर पडले. त्यानंतर १९४६ पर्यंत लीगमध्यें एकही कृष्णवर्णी खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कोठेंही नाहीं; मालकांनीं आपसांत न बोलतां पाळलेला तो संकेत होता. रूनीच्या दिलदारपणाच्या गोष्टी पिट्सबर्गांत आजही सांगतात, पण त्याच्याही संघांत पुढचा कृष्णवर्णी खेळाडू, जॅक स्पिंक्स, आला तो १९५२ सालीं.

ही कोंडी पुढें फुटली ती एका वर्तमानपत्राच्या कचेरींतून. 'पिट्सबर्ग कूरियर' हें तेथील कृष्णवर्णी समाजाचें साप्ताहिक. दक्षिणेंतील कृष्णवर्णी महाविद्यालयांच्या उत्तम खेळाडूंची यादी तें दरवर्षीं छापी. ज्या महाविद्यालयांकडे गोऱ्या संघांचे पारखी फिरकतही नसत, तेथील प्रत्येक होतकरू मुलगा बिल नन या कूरियरच्या संपादकास ठाऊक असे. स्टीलर्सला त्या मुलांची कदर नाहीं, असें त्याचें स्पष्ट मत होतें. रूनीचा मुलगा डॅन यानें त्याला बोलावून घेतलें, आणि १९६७ सालीं नन संघासाठीं खेळाडू हुडकूं लागला. १९७४ सालीं अलाबामांतील एका महाविद्यालयांत जॉन स्टॉलवर्थ या मुलाची धांवण्याची परीक्षा ओल्या मैदानावर झाली व इतर पारखी निराश होऊन गेले. नन आजारीपणाचें निमित्त करून मागें राहिला आणि दुसऱ्या दिवशीं चांगल्या जमिनीवर त्यानें पुन्हां वेळ मोजली. त्या वर्षीं संघानें निवडलेल्यांपैकीं चौघे पुढें फुटबॉलच्या सन्मान-मंदिरांत गेले. स्टॉलवर्थ त्यांपैकीं एक. चाळीस वर्षें ज्या संघानें एकही अजिंक्यपद मिळविलें नव्हतें, त्यानें पुढील सहा वर्षांत चार मिळविलीं. नन २०१४ सालीं वारला. त्याला स्वतःला त्या मंदिरांत स्थान मिळालें तें २०२१ सालीं. मुख्य प्रशिक्षक नेमण्यापूर्वीं अल्पसंख्य समाजांतील उमेदवारांची मुलाखत घेतलीच पाहिजे, हा लीगचा २००३ सालचा नियम डॅन रूनीच्याच नांवानें ओळखला जातो.

आपण नभोवाणीचे श्रोते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतों. नियमित नभोवाणीचा आरंभ म्हणून ज्या प्रक्षेपणाचा उल्लेख होतो, तें केडीकेए केंद्राचें निवडणूक-निकालांचें प्रक्षेपण २ नोव्हेंबर १९२० रोजीं याच शहराच्या परिसरांतून झालें. बावन्न वर्षांनीं, २३ डिसेंबर १९७२ रोजीं, संघाचा ओकलंडशीं महत्त्वाचा सामना होता. संघ एका गुणानें मागें, आणि बावीस सेकंद उरलेले. फेंकलेला चेंडू माणसांवर आपटून उडाला, जमिनीला टेंकण्याच्या बेतांत असतां फ्रँको हॅरिसनें तो उचलला आणि धांवत जाऊन सामना जिंकला. पण शहरांतील सामना शहरांतच दूरचित्रवाणीवर दाखवावयाचा नाहीं, असा तेव्हां लीगचा दंडक होता. म्हणून मैदानाबाहेरच्या पिट्सबर्गनें तो क्षण पाहिला नाहीं, नभोवाणीवर ऐकला. मालक रूनीनेंही पाहिला नाहीं. पराभव ठरलाच असें समजून खेळाडूंचें सांत्वन करण्यासाठीं तो उद्वाहकांतून खालीं उतरत होता!

संघाच्या सामन्यांचें नभोवाणीवर वर्णन करणाऱ्या मायरन कोपनें १९७५ सालीं प्रेक्षकांना पिवळे टॉवेल आणून फिरविण्यास सुचविलें. कल्पना निघाली ती जाहिरातदारांना खूष करण्याकरितां. १९९६ सालीं कोपनें त्या टॉवेलाचे हक्क एका संस्थेला देऊन टाकले. मतिमंदत्वामुळें ज्यांना आयुष्यभर आधार लागतो, अशांचा ती संस्था सांभाळ करते, आणि कोपचा मुलगा तेथेंच राहत असे.

शेवटीं शिरस्त्राणावरील चिन्ह. पांढऱ्या वर्तुळांत चार-चार टोंकांच्या तीन आकृति: पिवळी म्हणजे कोळसा, तांबडी म्हणजे लोहखनिज, निळी म्हणजे मोडीचें पोलाद. हें चिन्ह संघाचें नव्हे, अमेरिकन पोलाद-उत्पादकांच्या संस्थेचें. १९६२ सालीं तें वापरण्याची सूचना क्लीव्हलंडच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी शहराच्या, एका पोलाद कंपनीनें केली. कसें दिसतें हें अजमावण्यासाठीं तें शिरस्त्राणाच्या उजव्या बाजूसच चिकटविलें. त्या वर्षीं संघ चांगला खेळला, लोक विचारूं लागले कीं एकच बाजू कां, आणि मग डावी बाजू मोकळी ठेवणें हाच प्रघात पडला. होमस्टेडचा कारखाना १९८६ सालीं बंद पडला. त्याच्या जागीं आतां दुकानें आहेत, आणि बाजूला विटांच्या बारा चिमण्या तेवढ्या उभ्या ठेविल्या आहेत.